जावयाचा नावाडी

दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी ड्रॅगन आला, तेव्हा कात्रीकाकांचा चहा अर्धाही झाला नव्हता. ड्रॅगन घेऊन आलेला माणूस बँकेत रोखपाल होता, मंडळात नवा होता, आणि त्याने ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर स्वच्छ रुमाल गुंडाळून आणलं होतं.

"घाईत केलंय जरा," तो म्हणाला. सगळेच असं म्हणतात.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. चित्र बरं होतं. वरच्या कोपऱ्यात खर्चाचा आकडा तीन, खालच्या कोपऱ्यात जोर बारा. मधल्या चौकटीत बारीक अक्षरांत मजकूर होता आणि तो चौकटीत न मावल्यामुळे ड्रॅगनच्या पंखावर चढला होता.

"करतो काय हा?"

"सगळं," रोखपाल म्हणाला.

"बस समोर."

खेळ तसा सोपा आहे. दोघांचे दोन किल्ले. प्रत्येक पाळीला खेळणाऱ्याला थोडं तेज मिळतं, ते खर्चून तो हातातली कार्डं मैदानात उतरवतो. लढवय्ये एकमेकांना अडवतात, मारतात, आणि ज्याचा किल्ला आधी पडेल तो हरतो. या खेळाची कार्डं बाजारात पाकिटांतून मिळतात. पोरंटोरं ती जमवतात, आणि पोरंटोरं म्हणवून घ्यायचं वय कधीच उलटून गेलेलेही जमवतात. काहींचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांना स्वतःची कार्डं करायची असतात. अशा लोकांचं मंडळ या दुकानात रविवारी भरे आणि आणलेल्या कार्डांचं बरंवाईट सांगायचं काम बारा-पंधरा वर्षं एकाच माणसाकडे होतं.

मंडळाची एक पद्धत होती, तीही काकांनीच पाडलेली. कार्ड ज्याने केलं, त्याने ते खेळायचं नाही. ते काका खेळणार. करणाऱ्याने समोर, विरोधकाच्या खुर्चीत बसायचं आणि स्वतःच्या कार्डाचा मार खायचा. टेबलावर कुणी मत द्यायचं नाही. मत काका एक-दोन दिवसांत ग्रुपवर लिहून कळवत. दुसरी रीत अशी की दुकानात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. इथे कुणी साहेब नव्हता. काकांना 'काका' म्हणत, पण तेही अरे काकाच.

ड्रॅगन उतरला. रोखपालाचे सगळे लढवय्ये मेले. त्याने पुढच्या पाळीला दोन नवे उतरवले, काकांनी तोच ड्रॅगन पुन्हा फिरवला, तेही मेले.

"आता मी काय करू?" रोखपालाने विचारलं.

"काही नाही. बसून राहा."

तो बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उतरत गेलं, ते काकांनी इतक्यांदा पाहिलं होतं की आताशा ते वर बघायचंही टाळत. मंगळवारी त्यांनी त्याला ग्रुपवर दोन ओळी पाठवल्या: 'खर्च कमी, जोर जास्त. समोरच्याला काही करायला उरत नाही.' या दोन ओळी फोनमध्ये साठवून ठेवलेल्या होत्या. नवं लिहायचं काम पडत नसे. शंभरातल्या नव्वदांना त्याच पुरत. कुणी तीन तेजात काळ थांबवे, कुणी मेलेल्यांना फुकटात उठवे. एका शिक्षिकेने एका राजघराण्याची चार पिढ्यांची हकिकत कार्डासोबत जोडली होती आणि ती आधी वाचा म्हणाली होती. काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "बाई, हे कार्ड आहे की वारसाहक्काचा दावा?" 'कात्री' हे नाव अशा बोलण्यामुळे पडलं. आता मात्र त्या कात्रीलाही धार राहिली नव्हती. टोमणा सुचायचा, पण मारायचा कंटाळा यायचा.

पोटापाण्यासाठी ते लिफ्ट तपासायचे. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट चढण्या-उतरण्यास योग्य आहेत की नाहीत, हे बघून सही करणारा सरकारी माणूस. तिथेही काम तेच होतं: दुसऱ्याने केलेल्या गोष्टीपुढे उभं राहायचं आणि ती कुठे मोडेल ते शोधायचं. गच्चीवरच्या यंत्राच्या खोल्या, ग्रीसचा वास, दोरांवरून फिरवायचा हात, खाली थांबलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं "झालं का साहेब?" आठवडाभर लिफ्टला नाही म्हणायचं आणि रविवारी ड्रॅगनला. त्यांची बायको म्हणायची, "सहा दिवस दोर बघता आणि सातव्या दिवशी पत्ते कुटायला जाता. माणसाने एखाद्या दिवशी कशाला तरी चांगलं म्हणावं!"

"भाजी चांगली झालीय," काका म्हणायचे.

"मी बोलले म्हणून म्हणताय. कळतंय हो."

त्याच आठवड्यात लेक त्यांना गाठायला आली. काका ज्या इमारतीची लिफ्ट तपासत होते, तिच्या शेजारच्याच छोट्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. दुपारच्या सुट्टीत ती धापा टाकत गच्चीवर पोचली.

"बाबा, ही तुम्हीच बंद केलीत ना? सगळे मजले चढवलेत मला!"

"चालू लिफ्ट तपासता येत नाही. पाणी पी. हातपाय हलवायला तूच सांगतेस ना लोकांना?"

"पैसे घेऊन सांगते. फुकटात चढत नाही." ती यंत्राच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. "ऐका. येत्या रविवारी तो येणारय तुमच्याकडे. दुकानात."

"कोण?"

"तुमचा जावई, अजून कोण? कार्डं घेऊन येणारय."

काकांनी हातातला फडका खाली ठेवला. जावई नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचा. कायमची नोकरी, शांत स्वभाव. ग्रुपवर तो आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्याने तिथे आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"लग्न ठरायच्या आधीपासून वाचतोय तो तुमचं," लेक म्हणाली. "कधीकधी वाटतं, त्याने लग्न तुमच्याशीच केलंय, मी आपली वर मिळाले. आता स्वतःचा खेळ काढायचाय. मित्राबरोबर. कार्डं करून झालीत. तुम्ही चांगलं म्हणालात तर महिनाअखेरीला राजीनामा देणार."

"आणि वाईट म्हणालो तर?"

"तर नाही देणार. म्हणून तर आलेय."

मग तिने खरं ते सांगितलं. दवाखाना बंद होणार होता. डॉक्टरीणबाई मुलाकडे परदेशी चालल्या होत्या. तिला दुसरीकडे कुठे, कधी लागेल याचा पत्ता नव्हता.

"त्याला सांगितलंस हे?"

"नाही."

"का?"

"सांगितलं तर तो लगेच थांबेल. 'बरं' म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पाणी तपासायला जाईल. तुझ्यामुळे थांबलो असं कधी म्हणणार नाही. बाबा, ते न म्हणणं मला जन्मभर ऐकावं लागेल." ती उठली. "पण कार्डंच वाईट असली तर कुणाचाच दोष नाही. तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतो तो."

"न बघता?"

"इतक्या वर्षांत किती जणांना हो म्हणालात तुम्ही?"

काकांनी आठवून पाहिलं. "फारसं कुणाला नाही."

"मग प्रश्न कुठे येतो?"

प्रश्न येत नव्हता. लेकीचं म्हणणं बिनचूक होतं. जावयाची कार्डं वाईट असणार, कारण कार्डं वाईटच असतात. काका बरं म्हणाले आणि परत दोरांकडे वळले.

रविवारी जावई पुठ्ठ्याची चपलांची पेटी घेऊन आला. तिच्यात कार्डं नीट उभी लावलेली होती. घरी काका त्याला अहो-जाहो करत. इथे त्यांनी मानेनेच खुर्ची दाखवली. "बस समोर."

"हो, बाबा," जावई म्हणाला.

"इथे काका."

"हो, काका."

दुकानदार काउंटर सोडून मागे येऊन उभा राहिला. तो गलेलठ्ठ, हसरा माणूस होता आणि सासऱ्यापुढे जावई ही जोडी त्याला फुकट बघायला मिळत होती.

पहिल्यांदा घुबड आलं. ते समोरच्याच्या हातातली कार्डं बघू शकत होतं. ठीक. मग एक दगडी बुरूज, नुसता मार खाणारा. मग दोन जुळ्या जादूगारणी, एक मेली की दुसरीचा जोर वाढे. हेही पूर्वी पाहिलेलं होतं. काकांना आतून हलकं वाटू लागलं. वाईट असं काही नव्हतं, पण चांगलं म्हणावं असंही काही नव्हतं. नीटनेटकी, अभ्यास करून केलेली, पाण्याच्या अहवालासारखी कार्डं. लेकीला दिलेला शब्द पाळायला त्यांना खोटं बोलावं लागणार नव्हतं.

पेटी अर्ध्यावर आली आणि नावाडी निघाला.

खर्च दोन, जोर शून्य. चित्रात काळं पाणी, होडी आणि पाठमोरा माणूस. मजकूर थोडका होता: 'नदी दोघांची. कुणीही एक तेज देऊन आपला एक लढवय्या पलीकडे उतरवावा. नावाड्याच्या मालकाची पुढची पाळी येईपर्यंत तो परतणार नाही.'

काकांनी तो मैदानात ठेवला, एक तेज दिलं आणि आपला भालेकरी जावयाच्या रांगेमागे उतरवला. भालेकऱ्याने थेट किल्ल्यावर घाव घातला, त्याला अडवणारं कुणी नव्हतं. आता नेहमीप्रमाणे समोरच्याने मार खायचा. पण भालेकरी पलीकडे गेल्यामुळे काकांच्या स्वतःच्या किल्ल्यापुढे खिंडार पडलं होतं आणि नदी दोघांची होती. जावयाने एक तेज मोजून पुढे सरकवलं. त्याची तलवारवाली होडीत बसून काकांच्या मागे उतरली.

काका खुर्चीत पुढे सरकले.

त्यांनी पुढच्या पाळीला कुणालाच पाठवलं नाही. जावयानेही नाही. दोघे एकमेकांची वाट बघत राहिले, आणि ती वाट बघणं म्हणजे कंटाळा नव्हता. पाठवावं तर घर उघडं पडतं, न पाठवावं तर समोरचा आधी पाठवील. मैदानाच्या मधोमध तो शून्य जोराचा माणूस कुणाचीही बाजू न घेता बसला होता. काकांनी नावाड्यालाच मारायचा बेत केला, मग लक्षात आलं की पलीकडे गेलेला आपला भालेकरी तिथेच अडकेल. त्यांनी बेत बदलला. डाव लांबला. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, तरी दुकानदार हलला नाही. शेवटी किल्ला पडला तो काकांचा.

विरोधकाच्या खुर्चीतला माणूस जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. जावई कार्डं गोळा करत होता, त्याचे कान लाल झाले होते.

"पुढचं," काका म्हणाले. पुढची कार्डं पुन्हा बुरूज आणि घुबडांच्या जातीचीच होती. पण त्यांचं आता कुणालाच काही नव्हतं.

सोमवारी काका एका रुग्णालयात लिफ्टच्या खोलीची किल्ली घेऊन येणाऱ्या वॉर्डबॉयची वाट बघत बाकावर बसले होते. किल्ली येईना. त्यांनी फोन काढला, ग्रुप उघडला आणि त्या साठवलेल्या दोन ओळी आणून ठेवल्या. समोरच्याला काही करायला उरत नाही. पाठवायच्या बटणावर बोट नेलं. बोट तिथेच राहिलं. नावाड्याबद्दल आणखी काहीही म्हणता आलं असतं, पण हे नाही. हे म्हणजे दोर तुटलेला नसताना तुटलाय असं लिहून सही करण्यासारखं होतं.

त्यांनी ओळी खोडल्या. मग त्यांना तोडगा सुचला. नाउमेदच करायचं ना, तर मग नीट झाडू. चुका दाखवू. चुका प्रत्येकात असतात.

त्यांनी लिहायला घेतलं. दोन तेज फार स्वस्त, तीन करावं. 'परतणार नाही' म्हणजे चालून परतणार नाही की होडीतून, ते स्पष्ट नाही. काळ्या पाण्यावर काळी अक्षरं, वाचणाऱ्याचे डोळे जातील. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण तेवढ्याने माणूस नोकरी सोडायचा थांबेल असं वाटेना. म्हणून त्यांनी आणखी दोन घातल्या. शून्य जोर म्हणजे करणाऱ्याचा आळस, त्याला थोडा तरी जोर हवा. आणि सगळ्यांत मोठी चूक: नावाडी दोघांचीही चाकरी करतो. जे कार्ड मालकाचं नाही, ते कुणी हातात का घ्यावं? नदी मालकाचीच हवी.

ही शेवटची ओळ लिहिताना त्यांना अंमळ वाईट वाटलं. पण एव्हाना हात सुटला होता. एकेका चुकीखाली त्यांनी उदाहरणं दिली, डाव मांडून दाखवले, होडीच्या रंगावरसुद्धा दोन शब्द खर्चले. ते सगळं त्यांनी ग्रुपवर पाठवलं, तेव्हा किल्ली येऊन बराच वेळ झाला होता. वॉर्डबॉय म्हणाला, "साहेब, घरी काही झालंय का?"

संध्याकाळी बायकोने ते वाचलं. "अहो, केवढं फाडलंत! जावई आहे तो आपला."

"म्हणूनच."

"दुसऱ्याच्या पोरांना दोन ओळीत सोडता. घरच्याला एवढा मार?"

काकांना ते नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी डोक्यात शिरलं नाही. शिरलं ते दुसऱ्या दिवशी, दुकानदाराचा फोन आल्यावर.

"काका, पेढे कधी?"

"कसले?"

"वाचलं मी. सगळ्यांनी वाचलंय. अरे, इतक्या वर्षांत तू एवढं कुणाला लिहिलंयस? कॅशियर तर रडकुंडीला आलाय. म्हणतो, मला दोनच ओळी, आणि याच्या होडीच्या रंगावरसुद्धा बोललाय काका."

"मी झोडपलंय त्याला."

"तेच तर! झोडपण्यासारखं काहीतरी आहे म्हणून ना? नाहीतर तू कुठला हात उचलतोयस. तो शेवटचा मुद्दा तेवढा मला कळला नाही. पण तू म्हणतोस म्हणजे असेल."

फोन ठेवल्यावर काकांनी आपलं लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यांनी कधी असा नियम केला नव्हता. पण लोकांनी तो वाचून वाचून काढला होता: दोन ओळी म्हणजे घरी जा, पानभर शिव्या म्हणजे कामाला लाग. आणि हा नियम सगळ्यांत बारकाईने कुणी वाचला असेल, तर लग्नाआधीपासून गप्प बसून वाचणाऱ्या माणसाने.

लेकीचा फोन लगेचच आला. आवाज दाबलेला होता. "बाबा, काय लिहिलंत तुम्ही? तो घरभर नाचतोय. ते छापून कपाटावर चिकटवलंय त्याने!"

"मी नाहीच म्हटलं होतं."

"याला नाही म्हणतात? वाचून मलासुद्धा ते हो वाटलं!"

शनिवारी रात्री दोघंही घरी आले. जेवणं झाली होती, बायको आत भांडी आवरत होती. जावई कोचाच्या कडेवर बसला आणि त्याने खिशातून पाकीट काढलं.

"सगळं दुरुस्त केलं, बाबा. पाचही मुद्दे. मित्राला कळवलंय, एक तारखेपासून सुरू करतोय. म्हटलं, राजीनामा द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघावं."

काकांनी कार्ड हातात घेतलं. अक्षरं आता पांढरी आणि स्वच्छ होती. खर्च तीन. जोरही तीन, आणि पाठमोऱ्या माणसाच्या हातात वल्ह्याच्या जागी भाला आला होता. मजकूर म्हणत होता: 'नदी मालकाची. मालकाने एक तेज देऊन आपला एक लढवय्या पलीकडे उतरवावा.'

पुढे काय होणार ते त्यांना खेळून बघायचीही गरज नव्हती. मालक पाठवत राहणार, समोरचा मार खात राहणार. तो बसून राहणार आणि विचारणार, आता मी काय करू. ड्रॅगनच होता हा, फक्त होडीत बसलेला. वाईट गोष्ट ही की तो त्यांनीच केला होता.

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती. काकांना तिची नजर कळली. आता खरंच नाही म्हणता येत होतं. एक शब्दही खोटा न बोलता. कार्ड वाईट आहे, जावईबापू, नोकरी सोडू नका. लेकीला हवं ते मिळालं असतं, त्यांचा शब्द राहिला असता आणि चूक कुणाचीच ठरली नसती. फक्त तो नावाडी मेला असता, आणि कशाने मेला ते या खोलीत त्यांना एकट्यांनाच माहीत राहिलं असतं.

"कसं वाटतंय?" जावयाने विचारलं.

"वाईट झालंय," काका म्हणाले.

जावयाचा चेहरा पडला. लेकीने श्वास सोडला, तो काकांना ऐकू आला. तिथे थांबता आलं असतं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"वाईट झालंय, कारण तू माझं ऐकलंस. पहिलं होतं ते चांगलं होतं. मी इतक्या वर्षांत पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं. मी ते तुला नाउमेद करायला लिहिलं होतं."

घरात त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"कळलं नाही," जावई म्हणाला. "नाउमेद कशाला?"

काकांनी लेकीकडे पाहिलं. पुढचं त्यांचं नव्हतं.

"मी सांगितलं होतं त्यांना," लेक चौकटीतून म्हणाली. मग ती आत येऊन जमिनीवरच बसली आणि दवाखान्याचं सगळं सांगून टाकलं. सांगताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

जावई ऐकत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कधी कळलं तुला हे?"

"झाला महिना."

"महिनाभर माझ्यासमोर बसून जेवलीस, आणि बाबांना गच्चीवर जाऊन भेटलीस?"

"तू लगेच थांबला असतास."

"थांबलोच असतो! आताही थांबणार आहे. त्यात काय विचारायचंय?" त्याचा आवाज चढला. काकांनी त्याला चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पण मला राग आलाय. नोकरीचा नाही, तुझा. माझं कार्ड मारायला निघालीस तू! तेही यांच्या हातून!"

"ओरड," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती थोडीशी हसतही होती. "ओरड अजून."

"ओरडणारच आहे. घरी चल, तिथे ओरडतो. इथे आईंना त्रास."

"मला काही त्रास नाही हो," बायको आतून म्हणाली.

जावई उठला. कार्ड अजून काकांच्या हातात होतं. त्याने ते मागितलं नाही. एवढंच विचारलं, "त्या पाचांतले खोटे कुठले?"

"जोराचा. आणि नदीचा."

"बाकीचे तीन?"

"खरे. खर्च तीनच ठेव. अक्षरंही आत्ताची आहेत तशीच, ही छान झालीत. 'परतणार नाही'चं वाक्य तू काढूनच टाकलंयस, ते परत घाल. भाला काढ."

"भाला मलाही खुपत होता," जावई म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात म्हणून." त्याने चपला पायात सरकवल्या. "बाबा, रागवू नका. घरी आपण आहोतच. पण पुढचं कार्ड मी चष्मेवाल्याला दाखवीन."

चष्मेवाला हा मंडळातला जुना माणूस, कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. कार्डातलं त्याला बेताचंच कळे. काकांनी मान हलवली. रागवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एखाद्या तपासनीसाने नातेवाईकाच्या शब्दाखातर लिफ्टवर खोटा शेरा मारला असता, तर त्यांनीही तिथे पुन्हा त्याची सही चालवून घेतली नसती.

जिन्यावरून दोघांचे आवाज खाली गेले. आधी त्याचा, मग तिचा, मग दोघांचा एकदम. बायको हात पुसत बाहेर आली आणि कान देऊन उभी राहिली. "भांडतायत हो."

"भांडू देत."

जावई नोकरीत राहिला. लेकीला पुढे दुसरं काम मिळालं, पण लांब होतं आणि पगार कमी होता, त्यामुळे खेळाचं बोलणं पुढच्या वर्षावर गेलं. ते भांडण बरेच दिवस चाललं, असं बायकोने फोनवरून कळलेलं सांगितलं. काका रविवारी दुकानात जात राहिले. जाणं सोडावं असं त्यांनी दोनदा ठरवलं, पण सोडून त्या सकाळी करायचं काय, हे ठरेना.

काही आठवड्यांनी जावयाने नवं कार्ड आणलं, टोल घेणारी एक म्हातारी. विरोधकाच्या खुर्चीत तो बसला, म्हातारीला चष्मेवाल्याने खेळवलं आणि काका शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा अमर सरदार बघत राहिले. मंगळवारी रात्री चष्मेवाल्याचं मत ग्रुपवर आलं. चारच ओळी होत्या. पहिल्या तीन ठीक. चौथीत त्याने म्हातारीचा टोल देणाऱ्याने आपल्या मनाने ठरवावा असं सुचवलं होतं, आणि ते साफ चुकीचं होतं. त्याने म्हातारी महिनाभरात मोडली असती. काकांनी उत्तर लिहायला घेतलं, बरंच लिहिलं. मग ते एकेक अक्षर करत सगळं खोडलं, फोन उशाशी पालथा ठेवला आणि झोप लागते का ते बघू लागले.